आदिवासी पेशंट न सांगता निघून जातो तेव्हा : काय करायचं, काय टाळायचं

पुण्यात इंटर्नशिप किंवा नर्सिंग करणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितेय, आणि शनिवार-रविवार मुळशी, वेल्हे, आंबेगावकडं हेल्थ कॅम्प घेऊन जाणाऱ्या मंडळींसाठी पण. मी मेडिकल सोशल वर्कर आहे, म्हणजे वॉर्डात "पेशंट ऐकत नाहीये" असं झालं की ज्यांना फोन लावतात त्यातली. फोनवरची वाक्यं ठरलेली असतात. कितीही समजवा यांना कळतच नाही. रात्री ॲडमिट केलं, सकाळी राऊंडला बेड रिकामा. सही कर म्हटलं तर बाई नुसती भिंतीकडं बघत बसलीये.

माझं म्हणणं इतकंच आहे की कळत नाही असं फार कमी वेळा असतं. उलट कळलेलं असतं, आजा-पणज्यापासून कळलेलं असतं, की शिक्क्याचा कागद आला, खाकी आली, सरकारी गाडी आली की आपल्याकडनं काहीतरी जातं. जमीन जाते, नाहीतर माणूस जातो. आणि हॉस्पिटलमध्ये कागद पण असतो, शिक्का पण असतो, गेटवर खाकी पण असते, मग ते शरीर जे करायचं तेच करतं, भांडतं, पळतं नाहीतर गोठतं. भिंतीकडं बघत बसलेली बाई गोठलेली असते, अडाणी नसते.

थोडा इतिहास लागेलच, त्याशिवाय पुढचं नुसतं गोड बोलण्याचं ट्रेनिंग वाटेल. कातकरी घ्या. खैराच्या झाडापासून कात काढायचा हा त्यांचा धंदा, इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी जंगल सरकारचं झालं आणि धंदा बसला. आज महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून नोंद असलेल्या ज्या तीन जमाती आहेत, कातकरी, कोलाम, माडिया गोंड, त्यातली ही एक, आणि पुणे जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला जातात ते पावसाच्या तोंडाला परत. महादेव कोळ्यांची आंबेगाव तालुक्यातली गावं डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेली, वरच्या बाजूला १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झालं. फासेपारध्यांचं तर अजून वेगळं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात (मुंबई इलाख्यात तो १९११ नंतर लागू झाला) माणूस जन्मला की गुन्हेगार, रोज हजेरी, गाव सोडायला परवानगी, सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायचं ही सवय काय गेली नाही. त्यामुळं याला 'ऐतिहासिक' आघात म्हणताना मला जरा अडखळायला होतं. इतिहास म्हटलं की आपल्याला बरं वाटतं ना, झालं गेलं. त्यांच्यासाठी ते गेल्या महिन्यातलं असू शकतं.

ऐतिहासिक आघात ही कल्पना मांडली अमेरिकेतल्या लाकोटा समाजाच्या मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट या सोशल वर्कर बाईंनी, की एका अख्ख्या समाजावर पिढ्यानपिढ्या घाव झाले तर त्याचं दुःख पुढच्या पिढीच्या अंगात पण दिसतं. तिकडचं जसंच्या तसं इकडं चिकटवू नका. कॅनडात दीड लाखावर मुलं घरातनं नेऊन निवासी शाळांत टाकली, भाषा बोलली तर मार, शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या, तसं आपल्याकडं झालेलं नाही. आपलं जंगल, धरण, पोलीस आणि सावकार या वाटेनं झालंय. पण दवाखान्याच्या दारात जे होतं ते मात्र फार सारखं आहे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये क्युबेकमधल्या एका हॉस्पिटलमध्ये जॉयस एशाक्वान नावाची आदिवासी बाई, ३७ वर्षांची, बेडवरनं फेसबुक लाईव्ह करत होती आणि स्टाफ तिला काय काय बोलत होता ते जगानं ऐकलं, त्याच दिवशी ती गेली. मृत्यूच्या सरकारी चौकशीत वंशद्वेषाचा त्यात वाटा होता असं स्पष्ट म्हटलंय. आपल्या वॉर्डात कुणी लाईव्ह करत नाही एवढंच.

आता काय करायचं ते.

पहिली गोष्ट, आघात उकरून काढायचा नाही. हे सगळ्यात आधी सांगते कारण ट्रॉमा-इन्फॉर्म्ड, म्हणजे आघाताची जाण ठेवून काम करणं, हा शब्द ऐकला की नवीन पोरांना वाटतं बसून त्यांची कहाणी ऐकायची, रडू द्यायचं, मग बरं वाटेल. अजिबात नाही. तुम्ही ड्रेसिंगला आलाय, तुम्हाला पाच मिनिटं आहेत, शेजारच्या बेडवरचे नातेवाईक कान टवकारून बसलेत, तिथं "तुमच्यावर काय अन्याय झाला" विचारणं हाच एक नवीन घाव आहे. अमेरिकेतल्या साम्सा या सरकारी संस्थेनं २०१४ मध्ये याची जी मांडणी केली त्यात चार कामं आहेत, आघात सगळीकडं आहे हे धरून चालणं, त्याची लक्षणं ओळखणं, त्याप्रमाणं आपली कामाची पद्धत बदलणं आणि पुन्हा तोच घाव होऊ न देणं. ओपीडीवाल्यांसाठी मी म्हणेन चौथं धरा, तेवढं जमलं तरी पुष्कळ.

आणि हे कुणासाठी, तर सगळ्यांसाठी. ग्लोव्ह्ज आपण पेशंटचा एचआयव्ही रिपोर्ट बघून घालतो का, तसंच. आडनाव बघून "हा ट्रॉमावाला" ठरवलंत तर ते पण हिणवणंच आहे. हॉस्टेलला राहून एमपीएससी करणारा महादेव कोळी पोरगा सर्दी घेऊन आलाय, त्याला सर्दीचं औषध द्या.

बोलण्यापासून सुरू करू. कोथरूडच्या काकू आल्या की "मॅडम, बसा ना", आणि पदर खोचलेली, अनवाणी कातकरी बाई आली की "ए, इकडं ये, तुझा कागद कुठंय". तोच स्टाफ, तेच टेबल, दोन मिनिटांच्या अंतरानं. हे कुणी मुद्दाम करत नाही, तोंडाला बसलेलं असतं, पण समोरच्याला पहिल्या शब्दात कळतं आपण कुठं उभं राहायचंय. म्हणून नियम एकच, वीस वर्षांची असो की सत्तरची, अहो-जाहो. ताई, मावशी, आजी, बाबा, जे वयाला शोभेल ते. उलट बऱ्याच आदिवासी बोलींत अहो-जाहो फारसं नसतं, तर बाबा तुम्हाला "डॉक्टर, तू सांग" म्हणतील, ते उद्धटपणा नाही, राग धरू नका. आणि नाव पूर्ण विचारा, एकदा त्यांना परत वाचून दाखवा. केसपेपरवर नाव चुकलं की पुढं आधार, रेशनकार्ड, योजनेचं कार्ड कशाशीच जुळत नाही आणि परत त्याच खिडकीवर त्याच रांगेत तीन तास.

खिडकीचं पण सांगते. आत यायच्या आधीच अर्धे पेशंट तिथं गळतात. कागद नाही तर केसपेपर नाही असं परस्पर सांगून टाकणारे काही असतात, त्यांना सांगा की उपचार आधी, कागद नंतर, इमर्जन्सीत तर हा प्रश्नच येत नाही. तुम्ही इंटर्न असाल तर क्लार्क तुमचं ऐकणार नाही हे मला माहितीये. पण पेशंटसोबत खिडकीपर्यंत चालत जाऊन "माझा पेशंट आहे" म्हणता येतं, ॲप्रनला तेवढं वजन असतं. बाजूला सोशल सर्व्हिसची खोली असते तिथं आणून सोडा, महात्मा फुले योजना असो की धर्मादाय हॉस्पिटलातल्या गरिबांसाठी राखीव खाटा असोत, ते आमचं काम आहे.

बसायला खुर्ची द्या आणि स्वतः पण बसा. कितीतरी बाया बाळंतीण असताना पण बेडखाली जमिनीवर बसलेल्या दिसतात, वॉर्डातल्या कामवाल्या मावशी ओरडतात "वर बस की". चादर खराब होईल आणि आपल्याला बोलतील ही भीती असते त्यामागं. ओरडून वर बसवण्यापेक्षा "चादर खराब झाली तर आम्ही बदलतो, ते आमचं काम" एवढं सांगितलं तरी फरक पडतो.

तपासताना प्रत्येक पायरी आधी सांगायची. "आता पोटाला हात लावते, थंड लागेल." "आता पट्टा घट्ट होईल, मग सैल होईल." आणि थांबायचा मार्ग ठेवायचा, "दुखलं तर हात वर करा, मी थांबते", आणि हात वर केला की खरंच थांबायचं, नाहीतर सांगूच नका. दार आणि पेशंट यांच्या मधे उभं राहू नका. आतल्या तपासणीला बाई स्टाफ हवीच, आणि पोरांचा घोळका शिकायला आला असेल तर आधी विचारायचं, "ही मुलं शिकतायत, थांबली तर चालेल का?" नको म्हणाली तर मुलं बाहेर. मेडिकल कॉलेजात हे सगळ्यात जास्त तुडवलं जातं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण जनरल वॉर्डातली बाई नाही म्हणणार नाही हे सगळ्यांना पाठ असतं. प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक बाई असू द्यायची सोय सरकारच्या २०१७ च्या लक्ष्य कार्यक्रमात आहे, तिची सासू किंवा बहीण बाहेर झाडाखाली बसलेली असते, तिला आत घ्या. आणि ती हो हो म्हणतेय याचा अर्थ समजलं असा धरू नका. प्रत्येक गोष्टीला हो येत असेल तर ते भीतीचं हो असतं. "मी नीट सांगितलं का बघते, तुम्ही घरी गेल्यावर सासूला काय सांगाल?" असं विचारा, परीक्षा आपली आहे असं दाखवा.

आता संमतीचं, आणि त्यातही कुटुंब नियोजनाचं. इथं जरा थांबून वाचा, कारण अविश्वासाचं हे सगळ्यात मोठं मूळ आहे. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, महाराष्ट्रानं तर सक्तीचं विधेयक १९७६ मध्ये विधिमंडळात मंजूर पण केलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. साधारण त्याच काळात अमेरिकेत सरकारी चौकशीत निघालं की आदिवासींसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेनं १९७३ ते ७६ मध्ये नुसत्या चार विभागांत ३,४०६ नसबंद्या केल्या आणि संमतीचे कागद धड नव्हते. दोन देश, एकच दशक, आणि माणसं कुठली ते बघा. आपल्याकडं टार्गेट कागदावरनं १९९६ ला गेलं, तरी २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका कॅम्पात एका दिवशी ८३ बायकांची ऑपरेशन्स उरकली आणि त्या प्रकरणात डझनावर बायका मेल्या. मग २०१६ ला सुप्रीम कोर्टानं असले कॅम्प बंद करायला सांगितले.

हे सगळं त्या बाईला साल-आकड्यानिशी माहीत नसतं. तिला एवढंच माहीत असतं की "दवाखान्यात नेलं की मूल होत नाही मग". म्हणून कळा चालू असताना, कापलेल्या जागी टाके घालताना, "तांबी बसवू का ग, तीन झाली ना" हे विचारणं म्हणजे विचारणं नाहीच. माझ्या ओळखीच्या एका बाईला तांबी बसवलीये हे आठ महिन्यांनी दुसरीकडं सोनोग्राफी झाली तेव्हा कळलं. त्या वाडीवरच्या बाया त्यानंतर बाळंतपणाला कुठं गेल्या असतील ते मी सांगायला नको. तर हा विषय गरोदरपणाच्या तपासण्यांमध्येच काढायचा, एकापेक्षा जास्त वेळा काढायचा, नवऱ्याला-सासूला वेगळं, तिला एकटीला वेगळं. वस्तू हातात द्यायची, हीच आत राहते, नको झाली की याच दवाखान्यात काढून मिळते, काढायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि नाही म्हणाली तर तोंड वाकडं न करता बाळाचं लसीकरण समजावून सांगायचं. सगळी परीक्षा त्या क्षणाची आहे, ती नाही म्हणाल्यावर तुम्ही कसं वागता.

अंगठ्याचं पण तेच. घाईत मनगट धरून अंगठा उमटवू नका, प्लीज. जमिनीचे कागद असेच झालेत. काय लिहिलंय ते वाचून दाखवा, सोबतच्या कुणाला तरी ऐकू दे, मग ती स्वतः अंगठा लावेल.

पोलीस. विषबाधा, भाजणं, मारहाण, बऱ्याच ठिकाणी सर्पदंश पण, एमएलसी होते, म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवावी लागणारी. आपल्याला तो एक शिक्का असतो. पारधी कुटुंबाला मात्र "चौकीत कळवलंय" म्हटलं की पुढचा अर्धा तास पुरतो, सलाईन काढून माणूस गेटच्या बाहेर. लपवू नका, खोटं तर बोलूच नका, कळलं की कायमचे गेलात. आधीच सांगा, "हा कागद नियमानं पोलिसांकडं जातो, कुणाचाही जातो, परवा शेठजींच्या मुलाचा पण गेला. तुमच्यावर केस नाही. ते येऊन विचारतील तेव्हा मी इथंच आहे." आणि खरंच तिथं थांबा. जबाब बेडजवळ, शांतपणे, सोबत नातेवाईक असताना होऊ दे. आणि न सांगता गेलेल्या माणसाच्या केसपेपरवर फरार असं लिहू नका, बऱ्याच ठिकाणी लिहितात. "न सांगता गेले, शेवटचं बीपी इतकं, सोबत अमुक औषध दिलेलं" असं लिहा, पुढच्या डॉक्टरला ते उपयोगाचं.

वयाचं प्रकरण सगळ्यात अवघड. सोळा-सतरा वर्षांची गरोदर पोरगी, घरच्यांनी लग्न लावून दिलेलं. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणं कळवावं लागतं, यात सुटका नाही. पण कसं कळवायचं यात फरक आहे. वयाच्या पुराव्याची चर्चा वॉर्डात मोठ्यानं नको, आधी तिला आणि आईला एका खोलीत घेऊन काय होणार ते सांगायचं, बाळंतपण किंवा उपचार काही झालं तरी थांबणार नाही हे पहिलं सांगायचं. गर्भपात हवा असेल तर सुप्रीम कोर्टानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटलंय की मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं कळवताना तिचं नाव-गाव द्यायची गरज नाही. हे किती जणांना माहीत नसतं! सीनियरना निकाल दाखवा. आदिवासी वसतिगृहातल्या मुलींना सुट्टीवरनं परत येताना गरोदरपणाची टेस्ट करायला लावल्याच्या तक्रारी पुणे जिल्ह्यातनं बातम्यांत आल्यात, अशी कुणी मुलगी चिठ्ठी घेऊन समोर उभी राहिली तर टेस्टची पट्टी काढायच्या आधी तिला एकटीला विचारा की तुला करायचीये का, आणि तिला नको असेल तर करू नका, सरळ सीनियर मॅडमना आणि आम्हाला कळवा.

भगताकडं जाऊन आलात का, हे विचारा पण रागावून नाही. रागावलात तर साप किती वाजता चावला, कुठला पाला लावला, काय पाजलं, सगळं लपवतील आणि नेमकं तेच तुम्हाला हवं असतं. "भगतानं काय दिलं? ठीक. आता हे इंजेक्शन पण लागतं." बस एवढंच. गंडा-दोरा कापायचा झाला तर विचारून कापा आणि त्यांच्या हातात द्या, कचऱ्यात टाकू नका.

फॉलोअप. डिसेंबरात "पंधरा दिवसांनी या" लिहून काही होत नाही, ते भट्टीवर असतात आणि मुकादमाची उचल फिटल्याशिवाय हलता येत नाही. "भट्टी कुठं आहे, जवळचं उपकेंद्र कुठलं" हे विचारा, गोळ्या जास्त दिवसांच्या द्या, वाडीच्या आशाताईंना पेशंटला विचारून फोन करा. विचारून, हे विसरू नका, आशाताई त्यांच्या भावकीतल्या असतात आणि प्रत्येक गोष्ट भावकीत जावी असं कुणालाच वाटत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, दारू वाढलीये असं काही निघालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात, पण नंबर लिहून हातात देऊन मोकळं होऊ नका, तिथंच बसून लावून द्या.

न्यूझीलंडमध्ये १९९० च्या आसपास इरिहापेती रॅम्सडेन नावाच्या माओरी नर्सनं एक गोष्ट ठासून मांडली होती, सेवा सुरक्षित होती की नाही हे देणारा ठरवत नाही, घेणारा ठरवतो. आपल्याकडं फीडबॅक फॉर्म असतो, तो वाचता न येणाऱ्याच्या हातात देतात. त्यापेक्षा डिस्चार्जच्या वेळी "परत यावं लागलं तर इथं याल का?" विचारा आणि चेहऱ्याकडं बघा.

राहिले कॅम्पवाले. तुमचा हेतू चांगला असतो यात शंका नाही, पण बॅनर, टी-शर्ट, फोटो आणि दुपारी दोनला परत, हे वाडीनं खूप बघितलंय. उघड्या पोराला स्टेथोस्कोप लावतानाचे फोटो टाकू नका, तुमच्या पोराचा टाकाल का तसा? आधी एकदा रिकाम्या हातानं जा, वाडीतल्या जाणत्या बायांना विचारा काय हवंय. बरेचदा डॉक्टर नको असतो, पाण्याचा नाहीतर जातीच्या दाखल्याचा प्रश्न असतो, तेव्हा घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात कागद घेऊन सोबत जाणारं माणूस जास्त उपयोगाचं. जायच्या आधी क्वीन्स गार्डनमधल्या आदिवासी संशोधन संस्थेचं म्युझियम बघून या, पुण्यात राहून अर्ध्या लोकांनी ते बघितलेलं नसतं. आणि रक्त. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची राष्ट्रीय मोहीम २०२३ ला सुरू झाली तेव्हापासनं तपासणीचा जोर आहे, चांगलंच आहे, पण वाडीवर तक्रार एकच ऐकू येते, रक्त नेतात आणि रिपोर्ट येत नाही. रक्त कशासाठी, कुठं जाणार, उरलेलं काय करणार हे आधी सांगा. रिपोर्ट घेऊन परत यायची तारीख आणि कोण येणार त्याचं नाव वाडीत सगळ्यांसमोर ठरवा. रिपोर्ट प्रत्येकाच्या हातात वेगळा द्या, अंगणात नावं पुकारून नाही, 'वाहक' निघालेल्या मुलीचं लग्न मोडतं त्यानं. तारीख ठरत नसेल तर सुया नेऊ नका, वजन, बीपी बघा, गोळ्यांच्या तारखा तपासून द्या आणि या.